शांततेची किंमत कोण मोजतो?

लोणावळ्याच्या उत्तरेस, राजमाचीकडे जाणाऱ्या वाटेवर, तुंगार्ली नावाची वस्ती आहे. कधी काळी ते स्वतंत्र गाव होते. आज ते लोणावळा नगरपरिषदेच्या हद्दीत सामावले आहे. वर डोंगरात तुंगार्लीचे धरण, खाली बंगल्यांच्या ओळी, त्या ओळींमागे जुन्या रहिवाशांची घरे आणि त्यांच्याही आडोशाला बंगल्यांची राखण करणाऱ्या माळ्यांच्या व रखवालदारांच्या खोल्या, असे तिचे आजचे रूप आहे. येथे तीन प्रकारची माणसे एकमेकांना लागून राहतात: पिढ्यान्‌पिढ्या राहणारी, शनिवार-रविवारपुरती येणारी आणि दुसऱ्यांच्या घरांवर लक्ष ठेवण्यासाठी राहिलेली. भिंतीला भिंत लागून आहे. परंतु भिंतीला भिंत लागली म्हणजे शेजार निर्माण होतोच असे नाही.

अशा वस्तीत तंटे कशावरून होतात? मध्यरात्रीपर्यंत वाजणाऱ्या ध्वनिवर्धकावरून, फाटकापुढे उभ्या केलेल्या मोटारीवरून, नव्या कुंपणाने बुजविलेल्या जुन्या पायवाटेवरून, दुसऱ्याच्या अंगणात उतरणाऱ्या सांडपाण्यावरून. यांतील एकही तंटा मोठा नाही. परंतु मोठे तंटे बहुधा अशाच लहान तंट्यांच्या पोटी जन्म घेतात. त्यावर लोक दोन उपाय शोधतात. ज्यांना परवडते ते उंच भिंत, कॅमेरा आणि रखवालदार यांच्या रूपाने सुरक्षा विकत घेतात. ज्यांना परवडत नाही ते एकत्र येतात, आळीची राखण आपणच करू म्हणतात, आपले तंटे आपणच बसून मिटवू म्हणतात. हा दुसरा मार्ग आम्हांला अधिक मानवी वाटतो. विकत घेतलेली सुरक्षा माणसाला शेजाऱ्यापासून दूर नेते, तर मिळून केलेली राखण त्याला शेजाऱ्याजवळ आणते.

तथापि याच मार्गाविषयी एक नैतिक प्रश्न उपस्थित होतो, आणि आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबांनी त्याचा शांत चित्ताने विचार करावा असे आम्हांला वाटते. तंटा मिटला, गल्ली शांत झाली, सर्वांनी हस्तांदोलन केले; परंतु त्या शांततेची किंमत कोणी मोजली? ज्याचे चुकले होते त्याने, की ज्याला बोलण्याचे बळ नव्हते त्याने?

जुनी वाट

आपापसांत तंटे मिटविण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. मराठेशाहीत गोतसभा आणि मजलिस न्यायनिवाडा करीत. निवाड्यापूर्वी उभय पक्षांकडून राजीनामा लिहून घेतला जाई. आज राजीनामा म्हणजे पद सोडण्याचा कागद. त्या काळी मात्र राजीनामा म्हणजे राजी असल्याचा लेख, सभेचा निवाडा आपल्याला मान्य राहील अशी आधीच दिलेली संमती. निवाडा झाल्यावर हरलेला पक्ष यजितखत लिहून देई आणि सभेचा महजर तयार होई. त्या महजरावर पाटील-कुलकर्ण्यांबरोबर बलुतेदारांच्याही निशाण्या असत. कुणब्याचा नांगर, सुताराची हत्यारे. मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे: संमती आधी, निवाडा नंतर, आणि साऱ्या गावाची साक्ष.

१८१८ साली पेशवाई बुडाल्यानंतर दख्खनचा कारभार पाहणारे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८१९ च्या आपल्या अहवालात पंचायतीचे गुण आणि दोष दोन्ही नोंदविले, आणि ती पद्धत टिकविण्याचा प्रयत्नही केला. परंतु इंग्रजी न्यायालये आली तशी पंचायत मागे पडली. पुढे १८७० च्या दशकात पुण्यात सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, यांनी लवाद न्यायालयाचा प्रयोग केला. कोर्टाचा खर्च आणि कालहरण यांतून रयतेला सोडवावे, हा त्यामागील हेतू. तो हेतू आजही तितकाच सार्थ आहे.

एवढे सांगून थांबलो असतो तर हा लेख जुन्या काळाची आरती ठरला असता. परंतु त्याच गावगाड्याची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. शिवेचा तंटा पडला म्हणजे महाराची साक्ष मोलाची मानली जाई, कारण गावाची शीव त्याला ठाऊक असे. परंतु त्याच महाराला गावाच्या पाणवठ्यावर हात लावण्याची मुभा नव्हती. त्याविषयी गावात तंटा होता का? नव्हता. तंटा नव्हता, कारण तो उभा करण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने सर्वांना खुले केल्याचा ठराव १९२४ सालचा. तरीही ते पाणी अस्पृश्यांना मिळत नव्हते, आणि गाव शांत होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि गावाची शांतता भंगली. मग खटला उभा राहिला. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षे लागली. परंतु जे गावकीने शतकानुशतके दिले नाही ते न्यायालयाने दिले.

यातून आम्ही एक गोष्ट शिकतो. तंटा नसणे आणि न्याय असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कित्येकदा तंटा हा रोग नसून रोग उघड करणारा ज्वर असतो. ज्वर दाबला म्हणून रोग जात नाही.

तंटामुक्तीची मोहीम

ही कसोटी हाती घेऊन आपण आपल्या काळाकडे येऊ. १५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्र शासनाने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. ग्रामस्वच्छता अभियानाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. हागणदारीप्रमाणे तंटेही गावाने एकदिलाने दूर करावेत, अशी ती कल्पना. ग्रामसभेने समिती निवडावी, समितीने गावातील दिवाणी, महसुली, फौजदारी व इतर तंट्यांची नोंद करावी, सामोपचाराने ते मिटवावेत आणि नवे तंटे उद्भवू नयेत म्हणून सणासुदीला, निवडणुकीला, जत्रेला सावध राहावे. फौजदारी तंट्यांपैकी कायद्याने ज्यांत तडजोड चालते तेवढेच मिटवायचे, अशी मर्यादाही घातलेली होती. ज्या गावाची कामगिरी गुणांकनात उतरेल त्याला लोकसंख्येच्या प्रमाणात काही लाखांचा पुरस्कार.

या मोहिमेने खूप चांगले घडविले. मावळातील असोत वा मराठवाड्यातील, आपल्या खेड्यांत बांधावरून, भाऊबंदकीच्या वाटणीवरून, विहिरीच्या पाळीवरून दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजविणारी कुटुंबे आहेत. वकिलाची फी, तारखेला बुडणारी मजुरी, एसटीचे भाडे आणि या साऱ्यांहून जड असे मनातील वैर, याचा हिशेब ज्याने पाहिला आहे तो समितीच्या पारावर मिटलेल्या तंट्याला कमी लेखणार नाही. वडगाव मावळच्या न्यायालयाप्रमाणे तालुक्यातालुक्यांत भरणारी लोकअदालतही याच भावनेतून आलेली आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तिला अधिष्ठान दिले. तेथील तडजोड अंतिम असते, तिच्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

परंतु जेथे मिटलेल्या तंट्यांना गुण आहेत आणि गुणांना बक्षीस आहे, तेथे एक मोहही दडलेला आहे. तंटा कसा मिटला यापेक्षा तो मिटला याला महत्त्व येते. गावाचा पुरस्कार एका तक्रारीमुळे अडणार असेल तर गावाचे डोळे कोणाकडे वळतील? ज्याने अन्याय केला त्याच्याकडे, की ज्याने तक्रार मागे घेतली नाही त्याच्याकडे? ‘एवढे ताणू नका, गावाचे नाव जाईल,’ हे वाक्य सावकाराला क्वचितच ऐकविले जाते. ते ऐकविले जाते विधवेला, भूमिहीनाला, एकट्या पडलेल्याला. मोहिमेचा हेतू निर्मळ होता यात शंका नाही. आमचे म्हणणे इतकेच की कोणत्याही चांगल्या मोहिमेला हा प्रश्न विचारण्याची मुभा असली पाहिजे.

भिवंडीने काय शिकविले

तुंगार्लीसारखी वस्ती नगरपरिषदेत असल्याने तेथे ग्रामसभा नाही. शहरी वस्तीने काय करावे? त्याचे एक उत्तर ठाणे जिल्ह्यातील भिवंडीने दिले आहे. १९७० आणि १९८४ या दोन्ही साली भिवंडी दंगलींत होरपळली होती. १९८८ साली सुरेश खोपडे तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांतून सुमारे सत्तर समित्या उभ्या केल्या. प्रत्येक समितीत हिंदू व मुसलमान दोन्ही समाजांची माणसे होती; तीही पुढारी नव्हेत, तर त्या गल्लीत राहणारी साधी माणसे, यंत्रमाग चालविणारी, दुकान मांडणारी. दंगल पेटल्यानंतर जागी होणारी आणि मोठ्या माणसांच्या भाषणांवर संपणारी शांतता समिती त्यांना नको होती. शांततेच्या दिवसांत नियमाने भेटावे, नळाच्या पाण्याचा वाद, मुलांची भांडणे, मिरवणुकीचा मार्ग असे प्रश्न लहान असतानाच सोडवावेत, पोलिसाने वस्तीला आणि वस्तीने पोलिसाला नावाने ओळखावे, असा तो प्रयोग होता.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगापुढे आलेल्या आकड्यांनुसार त्या दंगलींत ९०० माणसे मृत्यू पावली. शेजारची भिवंडी मात्र शांत राहिली. पुढे १९९४ पासून मुंबईतही मोहल्ला समिती चळवळ उभी राहिली. पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे यांच्यासारख्यांनी तिला आकार दिला. दहशतवादाशी झुंजलेल्या रिबेरोंसारख्या अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर झोपडपट्टीतील बैठकी आणि पोरांचे क्रिकेटचे सामने महत्त्वाचे वाटावेत, यात आम्हांला अर्थ दिसतो. बंदुकीने दंगल थांबते. शेजार मात्र बैठकीनेच पुन्हा जुळतो.

भिवंडीचे यश कशात होते? आमच्या मते ते एका साध्या गोष्टीत होते. तेथे दोन्ही बाजू समान संख्येने आणि समान मानाने बसत होत्या. दुबळ्याला ‘तू गप्प बैस’ असे सांगणे त्या रचनेत सोपे नव्हते. आणि ही रचना एकदा उभारून भागत नाही, हेही भिवंडीनेच दाखविले. जुलै २००६ मध्ये तेथेच एका पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली आणि जमावाच्या हातून दोन पोलीस शिपाई मारले गेले. विश्वास हा विहिरीसारखा असतो; उपसा आणि गाळ काढणे थांबले की पाणी आटते.

जेव्हा समूहच घात करतो

आता त्या बाजूकडे वळू, जिच्याविषयी आपण सहसा बोलत नाही. समूह जसा तारतो तसा मारतोही. जातपंचायतीही तंटेच मिटवीत होत्या! दंड, शुद्धी, वाळीत टाकणे ही त्यांची हत्यारे. आंतरजातीय विवाह केलेल्या मुलीला, पंचांचे न ऐकणाऱ्या कुटुंबाला, न्यायालयात गेलेल्या स्त्रीला बहिष्कृत करून त्यांनी समाजात शांतता राखली. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ पासून या पंचायतींविरुद्ध मोहीम चालविली, आणि २०१६ साली विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरविणारा कायदा संमत केला. २०१७ मध्ये तो अमलात आला. असा कायदा करावा लागावा, हीच त्या शांततेवरची टीका होय.

आणि राखणीचे काय? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे पाच माणसांना ठेचून मारण्यात आले. ती सोलापूरकडील नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षेवर जगणारी, फिरस्ती माणसे होती. मुले पळविणारी टोळी आली आहे अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. आठवडी बाजाराच्या दिवशी जमाव जमला आणि त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारहाण झाली. ज्या चार भिंतींत गावाने न्याय करायचा त्याच भिंतींत. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोर समजून दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची अशीच हत्या झाली. त्या जमावांतील अनेकांना आपण गावाचे रक्षण करीत आहोत असेच वाटत असावे. राखणदाराच्या हाती काठी देणे सोपे असते. अनोळखी माणसाकडे माणूस म्हणून पाहण्याची नजर देणे कठीण असते.

याच्या अगदी उलट असे एक चित्र आमच्या लोणावळ्यातच आहे. वर्षाऋतूत येथे येणाऱ्या पर्यटकांचा स्थानिकांना उपद्रव होतो. कोंडी, कचरा, गोंगाट यांबद्दल तक्रारी असतात आणि त्या खोट्या नाहीत. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या वरच्या अंगाला अचानक वाढलेल्या पाण्याच्या लोंढ्यात एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांच्या शोधासाठी पोलिसांबरोबर पाण्यात उतरले ते ‘शिवदुर्ग मित्र’ या लोणावळ्यातील संस्थेचे स्वयंसेवक. अनोळखी माणसांसाठी दोर घेऊन दरीत उतरणारी ही मुले याच गावची आहेत. लोकांनी मिळून केलेल्या सुरक्षेचे याहून निर्मळ उदाहरण आम्ही कोणते द्यावे? राईनपाड्यातही समूह होता आणि भुशीवरही समूह होता. एकाच्या दृष्टीने परका हा धोका होता. दुसऱ्याच्या दृष्टीने परका हा संकटात सापडलेला शेजारी होता. ‘माझा शेजारी कोण?’ या शास्त्र्याच्या प्रश्नाला प्रभू येशूने यरीहोच्या वाटेवरील शोमरोन्याची गोष्ट सांगून दिलेले उत्तर आम्हांला यापेक्षा वेगळे वाटत नाही.

शुभवर्तमानाचा आधार

आपापसांत मिटविण्याच्या बाजूने ख्रिस्ती मंडळी बहुधा दोन आधार देतात. पहिला मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायाचा: बंधूने अपराध केला तर प्रथम एकांतात जाऊन बोलावे, न ऐकल्यास एकदोघांना सोबत न्यावे, तरीही न ऐकल्यास मंडळीला कळवावे. दुसरा संत पौलाचा: करिंथच्या भाविकांनी आपले वाद परकीय न्यायाधीशांपुढे नेल्याबद्दल त्याने त्यांना कानपिचक्या दिल्या आहेत.

हे दोन्ही आधार खरे आहेत. परंतु ते संपूर्ण वाचावे लागतात. मत्तयाचा तो अध्याय समेटाच्या पायऱ्यांनी सुरू होत नाही. तो सुरू होतो एका लहान मुलाला मध्ये उभे करून. त्यापुढे लहानांना अडखळविणाऱ्यासाठी अतिशय कठोर शब्द आहेत. मग हरवलेल्या एका मेंढराचा शोध आहे, आणि त्यानंतर समेटाच्या पायऱ्या येतात. अध्यायाचा शेवट होतो तो स्वतःला मोठी सूट मिळूनही दुबळ्या ऋणकोचा गळा धरणाऱ्या दासाच्या दाखल्याने. म्हणजे समेटाची ही शिकवण आधी आणि नंतर दुबळ्याच्या कैवाराने वेढलेली आहे. शिवाय पहिली पायरी चढणारा कोण? ज्याच्यावर अन्याय झाला तो. त्याचे बोलणे ऐकले जावे म्हणूनच साक्षीदार येतात, मंडळी येते. त्याला गप्प करण्यासाठी नव्हे.

पौलाचेही तसेच. करिंथकरांना समजावतानाच त्याने त्यांना विचारले आहे की तुम्हीच आपल्या बंधूंना का लुबाडता? आणि जेव्हा त्याच्या स्वतःच्या बाबतीत स्थानिक तडजोड म्हणजे त्याचा घात ठरणार होती, तेव्हा त्याने कैसराकडे दाद मागितली. कायद्याचे दार ठोठावणे हे श्रद्धेच्या विरुद्ध आहे असे त्याला वाटले नाही.

पोप जॉन तेविसावे यांनी ११ एप्रिल १९६३ रोजी ‘पाचेम इन तेरिस’ हे परिपत्रक प्रसृत केले. सत्य, न्याय, प्रीती आणि स्वातंत्र्य हे त्यांनी शांततेचे चार आधारस्तंभ मानले. चौथा स्तंभ आपण वारंवार विसरतो. ज्या समेटात ‘नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य नाही तो समेट तीन खांबांवर उभा आहे, आणि पहिल्या वादळात तो कोसळेल.

आपल्याच उंबऱ्याआत

हे सारे तंटामुक्ती समितीला आणि मोहल्ल्याला लागू करणे सोपे आहे. कठीण आहे ते आपल्या उंबऱ्याआत आणणे. आम्हां धर्मगुरूंकडे माणसे येतात आणि म्हणतात, ‘फादर, तुम्ही मध्ये पडा, घरातल्या घरात मिटवून टाका.’ भाऊबंदांच्या भिंतीचा वाद असेल, लग्नात राहिलेल्या मानपानाचा रुसवा असेल, तर मध्ये पडणे हे आमचे कर्तव्यच. परंतु नवऱ्याने हात उगारलेला असतो, आणि मिटवायचे म्हणजे बायकोने सासरी परतायचे एवढाच त्याचा अर्थ असतो, तेव्हा काय? ‘मुलांसाठी’, ‘घराण्याच्या नावासाठी’, ‘विवाह हे संस्कार आहे म्हणून’, अशी पवित्र कारणे पुढे केली जातात. त्या बैठकीत पंधरा माणसे असतात आणि ती एकटी असते. तिच्या मान हलविण्याला आपण संमती म्हणतो. विवाहाचे पावित्र्य हे त्या मारहाणीने भंगलेले असते. तिच्या तक्रारीने नव्हे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने तिला घरात राहण्याचा व संरक्षणाचा हक्क दिला आहे. तो हक्क तिला सांगणे ही फूट पाडणे नव्हे. तो सत्याचा स्तंभ आहे.

मुलांच्या बाबतीत तर तडजोडीला जागाच नाही. लहान मुलावर झालेला लैंगिक अत्याचार कळूनही पोलिसांना न कळविणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे. येथे ख्रिस्तसभेने स्वतःविषयी बोलले पाहिजे. अनेक देशांत आपल्याच संस्थांतून अशी प्रकरणे ‘आतल्या आत’ मिटविली गेली. संस्थेचे नाव राखले गेले आणि किंमत लेकरांनी मोजली. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘वोस एस्तीस लुक्स मुंदी’ या आदेशाने धर्मगुरू व व्रतस्थांवर अशी माहिती वरिष्ठांना कळविण्याचे बंधन घातले, देशाच्या कायद्याचा अधिकार अबाधित ठेवला, आणि तक्रार करणाऱ्यावर मौन लादता येणार नाही असे स्पष्ट केले. जी शांतता मौन लादून मिळते तिला शांतता म्हणू नये, हा धडा ख्रिस्तसभेने फार उशिरा आणि फार मोठ्या वेदनेतून घेतला. तो आपल्या आळीत, आपल्या संस्थेत, आपल्या घरात पुन्हा पहिल्यापासून शिकण्याची गरज पडू नये.

तीन प्रश्न

मग आपापसांत मिटवूच नये काय? असा निष्कर्ष कोणी काढू नये. न्यायालयाची वाट लांब आहे, खर्चाची आहे, आणि तेथे एक पक्ष जिंकतो तेव्हा शेजार बहुधा हरतो. संसदेने २०२३ साली संमत केलेल्या मध्यस्थी कायद्यातही वस्तीच्या शांततेला बाधा आणणाऱ्या वादांसाठी सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे, आणि तीही उभय पक्षांची पूर्वसंमती असेल तरच. ‘आधी संमती’ हे जुन्या राजीनाम्याचे तत्त्व दोन शतकांनंतर पुन्हा कायद्याच्या पुस्तकात आले आहे!

प्रश्न पद्धतीचा नसून कसोटीचा आहे. आम्ही तीन प्रश्न सुचवितो. धर्मग्रामाच्या कौन्सिलने, गृहनिर्माण संस्थेच्या समितीने, लघु ख्रिस्ती समूहाने समेटाला बसण्यापूर्वी ते स्वतःला विचारावेत.

पहिला: या बैठकीतील सर्वांत दुबळे माणूस ‘नाही’ म्हणू शकते काय, आणि म्हटल्यावर उद्या सुखाने नळावर पाणी भरू शकते काय? फिलिपिन्स या बहुसंख्य कॅथलिक देशात १९७८ पासून बरांगाय म्हणजे वस्तीच्या पातळीवर समेटाची रीतसर व्यवस्था आहे. बहुतेक लहानसहान वाद तेथे न्यायालयाआधी वस्तीच्या समितीपुढे न्यावे लागतात. परंतु समेट झाल्यावरही दहा दिवसांच्या आत, फसवणूक, बळजबरी वा धाक यांमुळे संमती दिली होती असे शपथेवर सांगून, पक्षकाराला तो नाकारता येतो. हे दहा दिवस आम्हांला फार मोलाचे वाटतात. गर्दीत हललेली मान एकांतात सरळ होऊ शकते, हे त्या कायद्याने ओळखले आहे.

दुसरा: या समेटासाठी कोण काय सोडत आहे? मावळच्याच परंपरेत याचे एक उदाहरण सांगितले जाते. भोरकडील मावळांत जेधे आणि बांदल या देशमुख घराण्यांचे जुने वैर होते. १६६० साली घोडखिंडीत बांदलांच्या माणसांनी प्राण वेचले. त्यानंतर मानाचे पहिले पान, जे जेध्यांकडे होते, ते कान्होजी जेधे यांनी शिवाजी महाराजांच्या शब्दाखातर बांदलांना दिले, असे सांगतात. ज्याच्याकडे मान होता त्याने तो सोडला. ज्या समेटात बलवान काहीच सोडत नाही तो समेट नसून शरणागती आहे.

तिसरा: जो या बैठकीत नाही, त्याचे काय? तो फिरस्ता असेल, डोंगरावरचा कातकरी असेल, बंगल्याचा परप्रांतीय रखवालदार असेल, रविवारी धरणावर आलेला बेशिस्त तरुण असेल. आपण मिळून केलेली सुरक्षा त्यालाही सुरक्षित करते काय? जी वस्ती केवळ स्वतःपुरती सुरक्षित आहे तिने फक्त भीतीची जागा बदलली आहे. भीती कमी केलेली नाही.

या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर समेटाला खुशाल बसावे, आणि प्रार्थना करून बसावे. नसतील तर तक्रारदाराला पोलीस ठाण्याची, विधी सेवा समितीची, न्यायालयाची वाट दाखवावी, आणि त्या वाटेवर त्याच्या सोबतीने चालावे. तेही समेटाचेच काम आहे. कारण न्यायाशिवाय क्षमेला आधार मिळत नाही, आणि न मागितलेल्या क्षमेचे ओझे दुबळ्यावर टाकणे हा दुसरा अन्याय ठरतो.

संत थॉमस अक्विनास यांनी शांतता हे थेट प्रीतीचे फळ मानले आहे. न्यायाचे काम त्यांच्या मते वाटेतील अडसर दूर करण्याचे. क्रम ध्यानात ठेवावा. आपण अडसर तसाच ठेवून फळाची घाई करतो. आधी धोंडा बाजूला करू या, आणि तो सरकविण्यासाठी आपल्यातील सर्वांत बळकट खांदा पुढे येऊ द्या. मग जी शांतता येईल तिची किंमत कोणा एकट्या-दुकट्याने रात्री रडून मोजलेली नसेल.